क्युबन जॅझ आणि अरबी मकाम एका स्टेजवर आले की नेमकं काय होतं

अबू धाबीत न्यूयॉर्क युनिव्हर्सिटीचा कॅम्पस आहे, त्यात एक आर्ट्स सेंटर आहे, आणि तिथल्या स्टेजवर एक असा प्रोग्रॅम झालेला आहे की त्यातल्या लोकांची यादी नुसती वाचली तर चिठ्ठ्या टाकून माणसं गोळा केली असं वाटेल. एकीकडे पियानोवर आर्तुरो ओ'फॅरिल, म्हणजे जन्म मेक्सिको सिटीचा, वडील हवानाचे, आडनाव आयरिश आणि लहानाचा मोठा झालेला न्यूयॉर्कमध्ये. दुसरीकडे बूम दिवान नावाचा कुवेती ग्रुप, त्यात गिटारवर गाझी अल-मुलैफी, जो याच कॅम्पसमध्ये संगीत शिकवतो, आणि त्याच्यासोबत मोती काढणाऱ्या जहाजांवर जे ठेके चालायचे ते अजूनही वाजवणारी मंडळी, कुणाच्या हातात तार नावाचा मोठा डफ, कुणाकडे मिरवास नावाचा छोटा ढोल, कुणापुढे जाहला, म्हणजे चक्क मातीचा घडा. या सगळ्याला नाव दिलं होतं क्युबन-खलीजी प्रोजेक्ट. खलीज म्हणजे आखात, गल्फ.

आता फ्यूजन म्हटलं की बऱ्याच जणांच्या कपाळाला आठी पडते आणि त्यांचं फार चुकतं असंही नाही, कारण बहुतेक वेळा होतं काय, तर दोन्ही पार्ट्या आळीपाळीने आपापलं वाजवतात, मागे ड्रम चालू असतो, शेवटी सगळे मिळून जोरात वाजवतात आणि पब्लिक उभं राहून टाळ्या वाजवतं. झालं फ्यूजन. पण ही क्युबन-अरबी भानगड जमते तेव्हा खरोखर जमते, आणि जमली की नाही हे ओळखायची माझ्यापुरती एक खूण आहे: कोण कधी गप्प बसतंय ते बघायचं. असं का म्हणतोय ते कळायला आधी ठेक्यात आणि मग सुरांत थोडं घुसावं लागेल. संगीत शिकलेलं नसलं तरी हरकत नाही, टाळी वाजवता आली की पुरे.

आधी ठेका

क्युबन संगीताच्या मुळाशी क्लावे नावाची गोष्ट आहे. क्लावे म्हणजे दोन लाकडी दांडके, एकमेकांवर आपटायचे, आणि त्यांवर जो पॅटर्न वाजतो त्यालाही क्लावेच म्हणतात. १ ते १६ एकसारख्या वेगात मोजा आणि १, ४, ७, ११, १३ वर टाळी द्या. चार-पाच वेळा केलंत की लक्षात येईल, पहिल्या आठात तीन टाळ्या येतात आणि त्या जरा वाकड्यातिकड्या लागतात, दुसऱ्या आठात दोनच येतात आणि त्या सरळ बसतात. एक बाजू ताणते, दुसरी सैल सोडते. हे चक्र गाणं संपेपर्यंत फिरत राहतं, दांडके वाजत असोत वा नसोत, आणि बँडमधल्या प्रत्येकाच्या डोक्यात ते चालूच असतं. ट्रम्पेटने काय वाजवायचं, गायकाने ओळ कुठे उचलायची, सगळं या तीन-दोनच्या हिशोबात. ओळ उलट्या बाजूला पडली की क्युबन माणसाला ती लगेच टोचते. बेसूर गाण्यापेक्षा जास्त टोचते असं म्हटलं तरी चालेल.

अरबी संगीतातल्या ठेक्याला ईका म्हणतात. त्यात दोन मुख्य आवाज, जाड तो दुम आणि पातळ तो तक. त्यातला मलफूफ नावाचा ठेका घ्या, आठ मोजा, १ वर दुम, ४ वर तक, ७ वर तक. आता वर जाऊन बघा, क्लावेच्या पहिल्या आठात टाळ्या कुठे होत्या? १, ४, ७. तंतोतंत तेच. आणखी एक आहे, अय्यूब, १ वर दुम, ४ वर तक, ५ वर दुम, ७ वर तक, हा इजिप्तमध्ये झार नावाच्या अंगात येण्याच्या विधीत वाजतो आणि सुफी लोकांच्या झिक्रमध्येही, म्हणजे नामस्मरणात. आणि १९व्या शतकात हवानातून निघून युरोपभर गाजलेल्या हाबानेराचा ठेका मोजलात तर तोही १, ४, ५, ७.

हे पहिल्यांदा कळलं की माणूस खुर्चीतून उठतो आणि सगळ्यांना सांगत सुटतो की बघा, क्युबा आणि इजिप्त एकच! जरा दमानं घ्या. तीन-तीन-दोन ही विभागणी जगात ढीगभर ठिकाणी सापडते, आठाचे असमान तुकडे पाडायचा तो सगळ्यात सोपा मार्ग आहे, त्यामुळे नुसत्या त्यावरून नातं सिद्ध होत नाही. पण वाजवणाऱ्याला नातं सिद्ध करायचं नसतंच, त्याला आज संध्याकाळी साडेसातला एकत्र वाजवायचं असतं, आणि त्यासाठी हा आयता दरवाजा आहे. कोंगावाला (कोंगा म्हणजे हाताने वाजवायचा उंच क्युबन ढोल) आणि दरबुकावाला (दरबुका म्हणजे पेल्याच्या आकाराचा अरबी ढोल) एकमेकांची भाषा न बोलता पाच मिनिटांत इथे भेटू शकतात, आणि प्रॅक्टिसला बहुतेक वेळा पहिल्यांदा तेच होतं.

अडचण पुढे आहे. मलफूफ काय किंवा मकसूम नावाचा दुसरा ठेका काय, त्याचं आवर्तन छोटं, आठ मोजले की पुन्हा पहिल्यापासून, प्रत्येक आवर्तन मागच्यासारखंच. क्लावे मात्र दोन तुकड्यांची आहे आणि तिला दिशा आहे, तीनची बाजू आणि दोनची बाजू. जुन्या अरबी गाण्यांमध्ये ओळी सगळ्या सारख्या लांबीच्या नसतात, मध्येच वाद्यांचा छोटा जबाब येतो, कधी तीन आवर्तनांचा, कधी पाचाचा. तीन आवर्तनांची ओळ आली की पुढची ओळ क्लावेच्या उलट्या बाजूला जाऊन पडते. अरबी वादकाला काहीच खटकत नाही, त्याच्यासाठी सम आली, झालं. क्युबन मात्र अस्वस्थ. मग अरेंजर काय करतो, तर कुठेतरी एक आवर्तन वाढवतो, नाहीतर एक कापतो, नाहीतर सरळ ठरवतो की या भागात क्लावे थांबवायची. तिसरा पर्याय मला सगळ्यात प्रामाणिक वाटतो, पहिल्या दोन्हींत गाण्याची चाल पायात आखूड बूट घातल्यासारखी व्हायला लागते.

दहा मात्रांचा समाई सकील तर वेगळंच प्रकरण. ३, २, २, ३ अशी त्याची फोड. आपल्या झपतालातही दहाच मात्रा, पण तिथे २, ३, २, ३, त्यामुळे तबला वाजवणाऱ्यालाही तो लगेच हातात बसत नाही. सोळाच्या क्लावेत दहा घुसवायचा उद्योग करणारे आहेत. ऐकायला हुशारी वाटते, नाचायला कुणी उठत नाही.

नातं कुठलं, स्पेनचं की आफ्रिकेचं

अशा कॉन्सर्टच्या ब्रोशरमध्ये एक गोष्ट हमखास छापलेली असते. अरब ७११ साली स्पेनमध्ये आले, ८२२ च्या सुमारास झिर्याब नावाचा थोर गवई बगदादकडून कोर्दोबाला पोचला, त्याने ऊद या अरबी तंतुवाद्याला पाचवी तार लावली म्हणतात, मग १४९२ मध्ये ग्रानाडा पडलं आणि त्याच वर्षी कोलंबस क्युबाला जाऊन टेकला, तेव्हा अरबी संगीत स्पॅनिश जहाजांत बसून क्युबात पोचलं. गोष्ट सुंदर आहे आणि काही अंशी खरीही आहे, क्युबाच्या खेड्यांतल्या गाण्यांत लाऊद नावाचं तंतुवाद्य अजून वाजतं आणि ते नाव अल-ऊद वरूनच आलेलं. पण तेवढ्यावर आजची पूर्ण कॉन्सर्ट उभी करणं जरा ओढूनताणून होतं, मध्ये पाचशे वर्षं गेली आहेत.

माझ्या मते जास्त भक्कम धागा आफ्रिकेतून जातो, आणि तो दोन दिशांना गेलेला आहे. पश्चिम आफ्रिकेतून लाखो माणसं गुलाम म्हणून अटलांटिकपार क्युबात नेली गेली हे आपल्याला माहीत असतं. पण पश्चिम आफ्रिकेतूनच सहाराच्या वाळवंटातून माणसं उत्तरेला मोरोक्कोतही नेली गेली, आणि त्यांच्या वंशजांचं संगीत म्हणजे ग्नावा. तीन तारांचं गेंब्री नावाचं जाड आवाजाचं वाद्य, हातात लोखंडी टाळांसारखे कराकेब, रात्रभर चालणारा विधी, प्रत्येक अदृश्य शक्तीचा आपला रंग, आपली धून. आता क्युबातल्या सांतेरिया नावाच्या आफ्रिकन मुळाच्या धर्मात बघा, तिथेही प्रत्येक ओरिशाचा, म्हणजे देवतेचा, आपला रंग, आपला ताल, आणि ढोलावर बोलावणं. दोघांचे पूर्वज आफ्रिकेच्या एकाच गावातून निघाले असं नाही, पण पश्चिम आफ्रिकेचा तो मोठा पट्टा तोच. त्यामुळे क्युबन पियानिस्ट ओमर सोसा ग्नावा गायकासोबत किंवा ट्युनिशियाच्या धाफेर यूसेफच्या ऊदसोबत वाजवतो तेव्हा पाहुण्याच्या घरी जपून बसल्यासारखं वाटत नाही. २००४ च्या त्याच्या 'मुलातोस' अल्बममध्ये हा ऊद ऐकायला मिळतो.

अमेरिकन जॅझवाल्यांत ही वाट आधी रँडी वेस्टन या पियानिस्टने धरली. १९६७ मध्ये तो अमेरिकन सरकारच्या दौऱ्यावर आफ्रिकेत गेला, मोरोक्को आवडलं, तिथेच राहायला गेला आणि तांजियर शहरात चक्क क्लब चालवला. ग्नावा उस्तादांबरोबर तो पुढची कित्येक दशकं वाजवत राहिला. १९९८ पासून एस्साविरा गावात ग्नावा फेस्टिव्हल भरतो, तिथे असा प्रकार आता नेमाने चालतो, एक मोरोक्कन मालेम म्हणजे उस्ताद, एक बाहेरचा जॅझवाला, थोड्या तालमी आणि थेट स्टेज. काही सेट भन्नाट होतात, काहींत पाहुणा सॅक्सोफोनवाला रात्रभर बोलतच राहतो आणि मालेम शांतपणे त्याच्याकडे बघत वाजवत बसतो.

आणि आता कुवेत. तेल सापडायच्या आधी कुवेतचं पोट समुद्रावर चालायचं, उन्हाळ्यात मोत्यांसाठी बुड्या आणि बाकी वर्षभर बूम नावाची मोठी शिडाची जहाजं बसराचा खजूर घेऊन हिंदुस्थानात आणि पूर्व आफ्रिकेत यायची, परत जाताना मलबारचं सागवान न्यायची. मोत्यांचा मोठा बाजार आपली मुंबई. कुवेतमध्ये १९६१ पर्यंत व्यवहारात रुपया चालायचा, हे आज तिकडे नोकरी करणाऱ्या आपल्या कित्येक लोकांना माहीतही नसतं. मोत्यांच्या जहाजावर नह्हाम नावाचा पगारी गायक असायचा, बाकीचे खालच्या पट्टीत गुणगुणत त्याला सूर धरायचे, टाळ्यांचे गुंतागुंतीचे पॅटर्न, मातीच्या घड्यावर थाप, आणि त्यावर शीड ओढायचं, वल्ही मारायची. १९३० च्या दशकात मंदी आली, जपानचे कल्चर्ड मोती आले आणि धंदा बसला. ठेके मात्र राहिले.

पूर्व आफ्रिकेतून जहाजांवरून नुसता माल आला नाही, माणसंही आली, बरीचशी गुलाम म्हणून. आखातातले लेवा आणि तंबूरा हे नाचगाण्याचे प्रकार सरळ सरळ आफ्रिकन मुळाचे. आपल्या मुरुड-जंजिऱ्याचे सिद्दी याच समुद्राच्या इतिहासाचा एक भाग. म्हणजे गंमत बघा, ओ'फॅरिलच्या आफ्रो लॅटिन जॅझ ऑर्केस्ट्राच्या नावात जो 'आफ्रो' आहे तो अटलांटिकवरून आलेला, आणि बूम दिवानच्या घड्यात जो आफ्रो आहे तो हिंदी महासागरावरून. दोघं अबू धाबीत भेटले. ब्रोशरवाल्यांनी खरं तर ही गोष्ट छापायला हवी.

मग पियानोचं काय करायचं

इथपर्यंत ठेका होता, तो जमून जातो. खरी मारामारी सुरांची आहे.

अरबी संगीतात मकाम असतात, आपल्या रागाच्या जवळची कल्पना, नुसते सूर नाही तर चालायची रीत, कुठे थांबायचं, कुठून कुठे वळायचं हे सगळं. काही मकाम आपल्या कानाला एकदम ओळखीचे. हिजाझची सुरुवात सा, कोमल रे, शुद्ध ग, म, म्हणजे भैरवाचा खालचा अर्धा भाग. कुर्द बराचसा भैरवीच्या सुरांत. नहावंद कीरवाणीजवळ जातो. हे पियानोवर वाजतात. पण रास्त आणि बयाती हे जे अरबी संगीतातले अगदी घरातले मकाम आहेत, तिथे पियानो अडतो. रास्तचा गंधार कोमल आणि शुद्धच्या मध्ये कुठेतरी असतो, बयातीचा रिषभही तसाच अधलामधला. आणि 'मध्ये कुठेतरी' म्हणजे खरंच कुठेतरी, कैरोत थोडा इकडे, अलेप्पोत थोडा तिकडे. १९३२ साली कैरोत अरबी संगीताची मोठी परिषद झाली होती, बार्तोक आणि हिंडेमिटसारखे युरोपियन संगीतकार तिथे हजर होते, त्यात सप्तकाचे चोवीस सारखे भाग करावेत का आणि पियानोला अरबी संगीतात जागा द्यावी का यावर जोरदार वाद झाले.

आपल्याला हे भांडण नवीन नाही. आकाशवाणीने १९४० मध्ये हार्मोनियमवर बंदी घातली आणि ती तीस वर्षांच्या आसपास टिकली, कारण तेच, पेटीला श्रुती दाखवता येत नाहीत, दोन पट्ट्यांच्या मधला सूर तिला काढता येत नाही. पियानोचं दुखणं हुबेहूब पेटीचं आहे, फक्त पियानो जास्त मोठा आणि जास्त मानाचा, त्यामुळे त्याला गप्प बस म्हणायला अवघड जातं. त्यात लॅटिन जॅझमध्ये, म्हणजे क्युबन वगैरे ठेक्यांवरच्या जॅझमध्ये, पियानो म्हणजे बँडचं इंजिन.

मग लोक यावर काय काय करतात? सगळ्यात आळशी उपाय म्हणजे फक्त हिजाझ वाजवायचा. पियानोवर बसतो, ऐकणाऱ्याला लगेच वाळवंट, उंट वगैरे दिसतं आणि काम होतं. म्हणून जगातली अर्धी 'अरेबियन' फ्यूजन एकसारखी ऐकू येतात. अमेरिकन जॅझ ट्रम्पेटवाला डिझी गिलेस्पी याने १९४० च्या दशकाच्या सुरुवातीला 'अ नाइट इन ट्युनिशिया' रचलं, ग्रेटच चीज आहे, पण त्यात ट्युनिशिया नावापुरताच.

दुसरा उपाय, पियानोने कॉर्डमधला, म्हणजे एकाच वेळी वाजवायच्या सुरांच्या गटातला, गंधारच गाळायचा. सा आणि प एवढेच धरायचे, भांडण ज्या सुरावर आहे तो सूर ऊद आणि गायकासाठी मोकळा सोडायचा. साधी युक्ती, पण पियानिस्टला ती अंगवळणी पाडायला वेळ लागतो, कारण जॅझ शिकताना सगळी मेहनत त्या गंधाराभोवती चार-चार सूर रचण्यातच गेलेली असते.

तिसरा मला फार आवडतो. क्युबन पियानो जो गोल गोल फिरणारा मोंतुनो वाजवतो तो नीट ऐका, त्यात पुष्कळ वेळा जाड कॉर्ड नसतातच, दोन्ही हात एकच चाल वेगवेगळ्या सप्तकांत वाजवत असतात. आणि जुना अरबी तख्त, म्हणजे ऊद, कानून (संतूरसारखं तंतुवाद्य), नाय (बासरी), व्हायोलिन आणि रिक (छोटी खंजिरी) असा छोटा ताफा, तिथेही सगळे एकच चाल वाजवतात, प्रत्येकजण आपापल्या हरकती घालून. हार्मनी नाहीच. म्हणजे पियानोने कॉर्डचा मोह सोडला आणि चालीवर राहिला की तो तख्तातला आणखी एक मेंबर होतो. तरी रास्त आला की त्याला हात मांडीवर ठेवावेच लागतात.

बाकी वाद्यांचं बरं असतं. ट्रॉम्बोनला तर घसरती नळीच आहे, मधला सूर हवा तिथे धरता येतो, त्यामुळे बिग बँडमध्ये अरबी संगीताचा सगळ्यात जवळचा मित्र ट्रॉम्बोन. ट्रम्पेटवर ओठांनी सूर खालीवर वाकवता येतो पण वेगात अवघड. नसीम मालूफ नावाच्या लेबनीज ट्रम्पेटवाल्याने १९६० च्या दशकात यावर जालीम उपाय काढला, नेहमीच्या तीन व्हॉल्व्हना चौथा जोडला, तो दाबला की सूर पाव भागाने उतरतो. त्याचा मुलगा इब्राहिम मालूफ आज तेच ट्रम्पेट घेऊन जगभर फिरतो. २०१९ चा त्याचा 'सेन्स' नावाचा अल्बम पूर्ण क्युबन वळणाचा, हॅरोल्ड लोपेझ-नुसा, रॉबर्तो फोन्सेका, आल्फ्रेदो रॉड्रिगेझ असे क्युबन पियानिस्ट त्यात आहेत. इराकी वडिलांचा शिकागोचा मुलगा अमीर अल-सफ्फार, त्याने तर नेहमीच्याच ट्रम्पेटवर इराकी मकाम बसवला, २००१ मध्ये स्पर्धेत बक्षीस मिळालं त्या पैशांवर तो बगदादला शिकायला गेला. त्याचं काम लॅटिन नाही, पण जॅझ बँडला मकामची शिस्त कशी लावायची हे ऐकायचं असेल तर त्याला पर्याय नाही.

गंमत अशी की हार्मनी विरुद्ध ठेका हे भांडण लॅटिन जॅझच्या जन्मातच आहे. मारिओ बाउसा या क्युबन ट्रम्पेटवाल्याने डिझी गिलेस्पीची चानो पोसो या हवानाच्या कोंगावाल्याशी गाठ घालून दिली, २९ सप्टेंबर १९४७ ला ते कार्नेगी हॉलमध्ये वाजले, आणि वर्षअखेरीला 'मान्तेका' रेकॉर्ड झालं. चानोने जे आणलं होतं ते एकावर एक रचलेले छोटे तुकडे, कॉर्ड जवळजवळ बदलतच नाही. डिझीला वाटलं हे असंच किती वेळ चालणार, म्हणून त्याने मधला भाग लिहिला जिथे कॉर्ड सरसर बदलतात. गाणं आजही असं ऐकू येतं, क्युबा, मग न्यूयॉर्क, मग परत क्युबा. शिवण दिसते. पण शिवण दिसते म्हणूनच मला ते आवडतं, कुणी कुणाला गिळलेलं नाही. पुढच्याच वर्षी चानो न्यूयॉर्कमध्ये गोळी लागून गेला.

लाइव्हच का

रेकॉर्डिंगमध्ये हे सगळं ठाकठीक करता येतं, सूर सॉफ्टवेअरने सरळ करता येतो, आवर्तन कापता येतं. स्टेजवर नाही. आणि या दोन्ही परंपरा मुळात समोर बसलेल्या लोकांवर चालतात. इजिप्तची गायिका उम्म कुलसूम हिच्या महिन्याच्या पहिल्या गुरुवारच्या मैफली रेडिओवर लागायच्या, एक गाणं तासभर चालायचं कारण लोक ओरडून तीच ओळ परत मागायचे आणि ती दर वेळी वेगळी गायची. त्या तल्लीन अवस्थेला तरब म्हणतात. क्युबन मोंतुनोतही तसंच, कोरस एकच ओळ धरून बसतो, गायक त्यावर ऐन वेळी सुचेल ते गातो, आणि किती वेळ हे नाचणाऱ्यांवर. दोन्हीकडे गाण्याची लांबी पब्लिक ठरवतं. फरक एवढाच की एक पब्लिक बसून 'अल्लाह' म्हणतं आणि दुसरं उभं राहून कंबर हलवतं, आणि एकाच हॉलमध्ये दोन्ही आलेले असतील तर बँडला खरंच पंचाईत होते, कारण ऊदचा तालाशिवायचा तकसीम, म्हणजे आलापासारखं एकट्याचं वादन, चालू झाला की नाचणारे खुर्च्या शोधायला लागतात. चांगला बँड हा तकसीम सुरुवातीला न ठेवता मध्ये ठेवतो, मागे फक्त बास एक सूर धरून, कोंगा पूर्ण बंद.

आणि आवाजाची कटकट वेगळीच. ओ'फॅरिलच्या बँडसारखा पूर्ण ऑर्केस्ट्रा म्हणजे पाच सॅक्सोफोन, चार ट्रम्पेट, चार ट्रॉम्बोन, पियानो, बास, ड्रम्स, कोंगा, वर आणखी एक पर्कशन. त्यासमोर एक ऊद. ऊदचं पोट मोठं आणि पोकळ, त्याला माइक लावून आवाज वाढवला की स्टेजवरच्या स्पीकरचा आवाज त्या पोटात शिरतो आणि घूं करून फीडबॅक सुरू होतो. मग ऊदवाल्याला ड्रमपासून लांब बसवायचं, वाद्याच्या आत पिकअप चिकटवायचा, त्याला स्पीकरऐवजी कानात मॉनिटर द्यायचा. कातड्याच्या वाद्यांचं दुखणं आणखी वेगळं, दमट हवेत तार नावाचा तो डफ आणि रिक सैल पडतात, वाजवलं की धप्प. आखातात पूर्वी शेकोटीवर तापवून घ्यायचे, आता विंगेत दिवा नाहीतर हीटर ठेवलेला असतो आणि दोन गाण्यांच्या मध्ये कुणीतरी डफ घेऊन तिकडे पळतं.

ओ'फॅरिलकडे परत येतो, कारण हा माणूस या प्रकाराला पुन्हा पुन्हा भिडला आहे. वडील चिको ओ'फॅरिलने १९५० मध्ये सॅक्सोफोनवाल्या चार्ली पार्करला घेऊन 'आफ्रो-क्युबन जॅझ स्वीट' केलं होतं, मुलाने २००२ मध्ये आफ्रो लॅटिन जॅझ ऑर्केस्ट्रा उभा केला. २०१८ मध्ये त्याने अमेरिका-मेक्सिको सीमेवरच्या भिंतीपाशी, तिहुआना आणि सॅन दिएगोच्या मध्ये, सोन हारोचो हे मेक्सिकन लोकसंगीत वाजवणारे गोळा करून 'फांदांगो अॅट द वॉल' रेकॉर्ड केलं, त्यात इराकमधून निर्वासित म्हणून अमेरिकेत आलेला रहीम अल-हाजचा ऊद आहे. करोनात न्यूयॉर्कच्या बर्डलँड जॅझ क्लबमधले त्याचे रविवारचे शो बंद पडले तेव्हा बँड घराघरांतून ऑनलाइन वाजायला लागला, त्यातून २०२१ चा 'व्हर्च्युअल बर्डलँड' आला, मोरोक्कन गायिका मलिका झर्रा आणि कुवेतचा बूम दिवान दोघंही त्यात आहेत. पहिल्याच ट्रॅकचं नाव 'गुलाब जामोन'. का, ते त्यालाच माहीत.

बूम दिवानबरोबरचं मला जास्त जमलेलं वाटतं त्याला कारण आहे. तिथे पियानो कुवेती ठेक्यावर स्वार व्हायचा प्रयत्न करत नाही. घडा, टाळ्या आणि डफ यांचं चक्र आधीच इतकं भरलेलं असतं की त्यात नेहमीचा मोंतुनो टाकला तर नुसती गर्दी होईल, म्हणून पियानो दोन सूर टाकतो, थांबतो, पुन्हा टाकतो, आणि नह्हामच्या ढंगाचा आवाज वर आला की बाजूला होतो. मोठ्या ऑर्केस्ट्रात हेच अवघड जातं, अठरा लोकांनी तालीम केलेली असते, त्यांना वाजवायला तर हवंच ना.

ऐकायला सुरुवात करायची तर आधी 'मान्तेका' ऐका आणि शिवण कुठे आहे ते शोधा, मग 'व्हर्च्युअल बर्डलँड'मधला बूम दिवानचा ट्रॅक, मग मालूफ. सोसाचा 'मुलातोस' रात्रीसाठी ठेवा. आणि हे फोनच्या किंवा लॅपटॉपच्या स्पीकरवर ऐकू नका, बरा हेडफोन लावा, कारण बास, गेंब्री आणि तो मातीचा घडा, तिन्ही खालच्या आवाजाची वाद्यं, छोट्या स्पीकरवर ती येतच नाहीत आणि उरतो तो नुसता ट्रम्पेट.